एक ज्वालाग्राही शब्द

तेलाच्या टँकरच्या पाठीवर ठळक इंग्रजी अक्षरांत ‘हायली इन्फ्लेमेबल’ असा इशारा लिहिलेला आपण पाहतो. क्वचित त्याखाली ‘ज्वालाग्राही’ असेही असते. मराठी शब्दाविषयी गैरसमजास जागा नाही; ज्वाला ग्रहण करतो तो ज्वालाग्राही. इंग्रजी शब्दाचे तसे नाही. ‘व्हिजिबल’ म्हणजे दिसणारे आणि ‘इन्व्हिजिबल’ म्हणजे न दिसणारे, एवढे ज्याला ठाऊक आहे त्याने ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे असा अर्थ लावला, तर त्याच्या तर्काला नावे कशी ठेवावीत?

घोटाळ्याचे मूळ लॅटिन भाषेत आहे. तेथे ‘इन्’ नावाचे दोन उपसर्ग नांदतात. एक नकारार्थी, तो आपल्या ‘अ’ आणि ‘अन्’ यांचा भाऊबंदच. दुसऱ्याचा अर्थ ‘आत’ असा असून तो क्रियेला जोर आणतो. ‘इन्फ्लामारे’ म्हणजे पेटविणे या क्रियापदात हा दुसरा आहे. विद्वानांना यात अडचण पडली नाही. हेन्री कॅव्हेंडिशने १७६६ साली ज्या वायूचे वर्णन ‘इन्फ्लेमेबल एअर’ म्हणून केले, तो आजचा हायड्रोजन. पण पुढे हा शब्द प्रयोगशाळेतून बाहेर पडून गोदामांच्या दारांवर आणि पिंपांवर जाऊन बसला. आणि तेथे तो वाचणाऱ्याला लॅटिन येण्याची अपेक्षा कोण करणार?

म्हणून १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघाने ‘इन्’ गाळून नुसते ‘फ्लेमेबल’ म्हणावे असा आग्रह धरला. हा शब्द नवा नव्हता. १८१३ सालापासून तो इंग्रजीत आढळतो, पण अडगळीत पडला होता. ब्रिटनच्या मानकसंस्थेनेही १९५९ साली त्याचाच पुरस्कार केला. भारतीय कायद्याने मात्र जुने रूप ठेवले. १९५२ साली संसदेने केलेल्या कायद्याचे नावच ‘इन्फ्लेमेबल सब्स्टन्सेस ॲक्ट’ असे आहे.

एका उपसर्गासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने बेंजामिन ली व्होर्फचे उदाहरण पाहावे. हा भाषाशास्त्रज्ञ पोटासाठी आगीच्या विमा कंपनीत नोकरी करीत असे. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात त्याने लिहिले आहे की, पेट्रोलने भरलेल्या पिंपांपाशी माणसे जपून वागतात. पण पिंपे ‘रिकामी’ म्हटली की तेथेच बेफिकिरीने सिगारेट ओढतात. वास्तविक पेट्रोल हा द्रव स्वतः जळत नाही, जळते ती त्याची वाफ. आणि शून्याखाली चाळीस अंशांच्या सुमारासही पेट घेण्याइतकी वाफ त्यातून सुटते. रिकाम्या पिंपात हवेशी मिसळलेली हीच वाफ कोंडलेली असते. माणसे वागली ती शब्दाप्रमाणे, वस्तूप्रमाणे नव्हे.

आता याची दुसरी बाजू. आगीचा शब्द मनाला आणि शरीराला लावण्याची खोड सर्वच भाषांना आहे. रोमन ग्रंथकार सेल्सस याने लाली, सूज, उष्णता आणि वेदना अशी ज्याची चार लक्षणे सांगितली, ते ‘इन्फ्लेमेशन’ आपल्या वैद्यकातही दाहच. संतापी स्वभावाला इंग्रज ‘इन्फ्लेमेबल’ म्हणतो. जमावाला चेतविणारे भाषण ते ‘इन्फ्लेमेटरी’. आपणही भडक माथ्याचा माणूस म्हणतो, भडकाऊ भाषण म्हणतो. दोन घरांत कलह लावून देणारा तर आपला ‘आगलाव्या’च. ‘प्रक्षोभक’ मात्र या कुळातला नाही. क्षोभ म्हणजे खळबळ. समुद्र क्षुब्ध होतो तो पाणी ढवळल्याने, पेटल्याने नव्हे.

गंमत अशी की, सुधारणा झाली ती केवळ वाच्यार्थापुरती. कापड, रंग, वायू यांना ‘फ्लेमेबल’ म्हणणारा इंग्रज आपल्या तापट साहेबाला तो शब्द सहसा लावीत नाही. त्याच्यासाठी अजून ‘इन्फ्लेमेबल’च राखून ठेवलेला आहे. आगीच्या भीतीने एका शब्दाची अशी वाटणी झाली: लाक्षणिक अर्थ बराचसा जुन्या घरी राहिला, आणि खरी आग नव्या घरी गेली. आपल्याकडील टँकरवर मात्र अजून जुनेच घर आहे. त्याखाली ‘ज्वालाग्राही’ हा शब्दही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत असावा, एवढेच मागणे.