म्हातारपणाची खाज आणि मेडिकलमधली ट्यूब

दिवाळी सरली, गारठा पडू लागला की वस्तीतल्या कितीतरी घरांत हेच चालते. रात्री दिवा मालवला की आजी उठून बसते आणि नडग्या खाजवू लागते. नखे पुरत नाहीत म्हणून कंगवा घेते. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. सून म्हणते, अंगात उष्णता झाली. शेजारीण म्हणते, रक्त बिघडले. नातू कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक ट्यूब आणून देतो आणि दोन दिवसांत आजीला शांत झोप लागते. घोटाळा इथूनच सुरू होतो.

आधी खाजेचे कारण पाहू. यात बहुधा रक्ताचा काही दोष नसतो. कातडीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वय झाले की, बायकांमध्ये तर पाळी गेल्यानंतर, त्या कमी तेल सोडू लागतात. कातडीचा वरचा थर कोरडा होतो, त्यात ओल टिकत नाही. नडग्यांवर या ग्रंथी मुळातच थोड्या, म्हणून खाज बहुतेक तिथूनच सुरू होते. नखाने हलके ओढले तर पांढरी रेघ उमटते, आणि कातडी तळ्यातल्या सुकलेल्या गाळासारखी तडकलेली दिसते. अशा खाजेचा इलाज बहुतेक वेळा घरातच होतो.

चूक होते ती आंघोळीत. म्हाताऱ्या माणसांना कढत पाणी आवडते. त्याने खाज घडीभर थांबतेही, पण अंगावर उरलेसुरले तेल धुऊन जाते. पाणी कोमट असावे आणि आंघोळ पाच-सात मिनिटांत उरकावी. पाण्याची घाई आपल्याकडे रोजचीच, तेव्हा हे अवघड नाही. साबण काखा, जांघा आणि पाऊल एवढ्यालाच पुरे. सगळ्या अंगाला रोज नको. कपड्याची वडी अंगाला लावायची नाही, आणि बादलीत जंतुनाशकाचे झाकण ओतण्याची सवयही सोडा. वजरी टाचेसाठी आहे, नडगीसाठी नाही.

आंघोळीनंतर अंग टॉवेलने घासू नका, टिपून घ्या. अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधी पेट्रोलियम जेली लावा. तेल कातडीला पाणी देत नाही, असलेले पाणी आत कोंडून ठेवते. म्हणून तासाभराने कोरड्या ठणठणीत अंगाला लावले तर फारसा फरक पडत नाही. रात्री झोपताना पुन्हा एक हात फिरवा. सुरकुत्या घालवण्याच्या महाग डब्या आणायची गरज नाही. सुरकुत्या हा काही आजार नव्हे. दोन गोष्टी मात्र जपा. तळपायाला तेल लावून मोरीत जाऊ देऊ नका, घसरून खुब्याचे हाड मोडले तर खाज परवडली. आणि जेली मुरलेल्या साडीने चुलीजवळ किंवा गॅसजवळ बसू देऊ नका, असे कापड लवकर पेट घेते.

आता त्या ट्यूबकडे वळू. खाज, खरूज, नायटा सगळ्यांवर चालते म्हणून जी ट्यूब मिळते, तिच्यात पुष्कळदा स्टिरॉइड असते. ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा: क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन अशी नावे दिसतील. स्टिरॉइड वाईटच असे नाही. डॉक्टर ठरावीक जागी, ठरावीक दिवस देतात तेव्हा ते चांगले काम करते. पण महिनोन् महिने चोळले तर कातडी आणखी पातळ होते, आणि म्हातारपणी ती आधीच पातळ असते. नायटा असेल तर खाज दबते आणि नायटा पसरत जातो. चेहऱ्यावर लावत राहिले तर थांबवल्यावर चेहरा लाल होऊन आग आग होते. 2018 साली केंद्र सरकारने अशा चौदा स्टिरॉइडांची मलमे चिठ्ठीशिवाय विकण्याची मोकळीक काढून घेतली. तरीही ती सहज हातात पडतात आणि पोरगा मागायला गेला तर त्याला कोणी हटकत नाही.

पातळ कातडी कशी वागते ते घरच्यांना ठाऊक हवे. हाताला नुसता धक्का लागला तरी जांभळा डाग पडतो, आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर जास्तच. असे डाग पाहून शेजारी सुनेवर संशय घेतात, हेही घडते. म्हाताऱ्या माणसाला मनगट धरून ओढून उठवू नका, पाठीमागून आधार द्या. कातडी सोलली गेली तर लोंबणारा तुकडा कापू नका. स्वच्छ पाण्याने धुऊन तो हलकेच जागेवर पसरवा, वर स्वच्छ कापड ठेवा आणि दवाखाना गाठा. हळद नको, टूथपेस्ट नको.

पंधरा दिवस तेल-पाणी नीट सांभाळूनही खाज हटली नाही तर ती नुसत्या कोरडेपणाची नाही असे समजा. घरातली पोरेही रात्री खाजवू लागली असतील, बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ असेल, तर खरूज असू शकते. मग औषध एकट्या आजीला लावून भागत नाही, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचे असते. अंगावर काहीच उठलेले नाही आणि तरी सर्वांगाला खाज, अशा वेळी मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, साखर तपासावी लागते.

फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तो खाजतच नसेल, तर त्याकडे जास्त लक्ष द्या. आजीला डोळे मिटायला सांगून कापसाचे टोक चट्ट्यावर फिरवा. स्पर्श कळला नाही तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, रोग पूर्ण बरा होतो, उशीर केला तर मात्र हातापायाच्या नसा जातात. तळपायावर वाढत चाललेला काळा डाग, किंवा महिना झाला तरी न भरणारी जखम, हेही घरी ठेवायचे दुखणे नव्हे. साखर असेल तर रोज रात्री कोणीतरी आजीचे तळवे उजेडात पाहावेत. तिला वाकता येत नाही, आणि काटा रुतलेला कळतही नाही.

दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा, संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. काय लावत होतो त्याचे नाव सांगता येत नसले तरी ट्यूब दाखवता येते.