जबलपूर येथे निवर्तलेला रग्बीपटू

रग्बी हा खेळ आपल्या देशात फारसा रुजला नाही. तथापि त्याच्या प्रारंभकाळाचे काही धागे भारतापर्यंत येऊन पोहोचतात. १८७३ मध्ये कलकत्त्यातील ब्रिटिश रहिवाशांनी रग्बीचा एक क्लब स्थापन केला. काही वर्षांतच तो मोडला, तेव्हा शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडविण्यात आला. त्या ‘कलकत्ता चषका’साठी इंग्लंड व स्कॉटलंड यांचे सामने १८७९ पासून होत आले आहेत. दुसरा, फारसा कोणास ठाऊक नसलेला धागा जबलपूरचा आहे.

विल्यम हॅलरन हे आयर्लंडकडून एकच आंतरराष्ट्रीय सामना खेळले. १२ एप्रिल १८८४ रोजी कार्डिफ येथे वेल्सविरुद्ध झालेल्या या सामन्यास आयर्लंडचे दोन गडी कमी पडले. म्हणून यजमानांकडचेच दोन खेळाडू उसने घेऊन पंधरांचा संघ पुरा करावा लागला. सामना अर्थातच वेल्सने जिंकला. आज हा प्रकार नवलाचा वाटेल. परंतु त्या काळी रग्बी हा केवळ हौसेचा खेळ होता. तरुणांनी दोन-चार हंगाम खेळावे आणि मग आपापल्या व्यवसायास लागावे, अशीच रीत होती.

हॅलरन यांचा व्यवसाय वैद्यकाचा. ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय दलात ते कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. मुंबई व कलकत्ता येथून येणारे लोहमार्ग १८७० मध्ये जबलपूरला जोडले गेले होते, आणि १९०४ मध्ये तेथे तोफगाड्यांचा कारखानाही निघाला. मध्य प्रांतातील या लष्करी ठाण्यातच, पहिले महायुद्ध चालू असताना, जानेवारी १९१७ मध्ये हॅलरन यांचा मृत्यू झाला.

त्या युद्धात कामी आलेल्या आयरिश रग्बीपटूंच्या नामावळीत त्यांचा समावेश होतो. तिच्यातील बेसिल मॅक्लियर १९१५ मध्ये ईप्रच्या रणभूमीवर पडले. हॅलरन मात्र आघाडीपासून हजारो मैल दूर निवर्तले. तरीही दोघांची नावे एकाच यादीत आहेत, कारण दोघेही सैन्याच्या सेवेत असतानाच मरण पावले.

खेळाच्या इतिहासाने हॅलरन यांची एक दुपार तारीखवार जपून ठेवली आहे. ज्या रुग्णसेवेत त्यांचे आयुष्य गेले, तिची मात्र अशी नोंद कोणत्याही क्रीडाग्रंथात सापडणार नाही. प्रारंभीच्या खेळाडूंची चरित्रे वाचताना हे प्रमाण ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.