विंचूमाशी आणि पिसवेचे कूळ

लेकीकडे इंग्लंडला गेलो की जूनमध्ये माझा मुक्काम घरात कमी आणि कुंपणाकडेला जास्त. तिथे ब्लॅकबेरीच्या जाळीत विंचूमाशी बसलेली असते. लांब चोच, पंखांवर काळे ठिपके आणि नराच्या शेपटीला वर वळलेली तांबूस नांगी. पहिल्यांदा दाखवली तेव्हा जावई दोन पावले मागे सरला. त्या नांगीत विष नाही; ते नराचे जननेंद्रिय. (हे जावयाला समजावताना माझीच पंचाईत झाली!)

ओळख पटते तीही त्याच अवयवावरून. लिनियसने १७५८ मध्ये हिला 'पॅनोर्पा कम्युनिस' म्हटले. ब्रिटनमध्ये तिच्या आणखी दोन बहिणी आहेत, 'जर्मॅनिका' आणि 'कॉग्नाटा'. ठिपके एकाच जातीतही कमीजास्त असतात. त्यांच्या भरवशावर मी दोनदा फसलो. शेवटी शेपटीचा शेंडा कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवायचा, मांस विरघळू द्यायचे आणि मायक्रोस्कोपखाली चिमट्यांची घडण पाहायची. मग वाद उरत नाही.

इथवर माझी विद्या पुरली. तीस वर्षे मी कॉलेजच्या फळ्यावर दोन ओळी लिहीत आलो: विंचूमाश्या, गण मेकॉप्टेरा, पिसवा, गण सायफोनॅप्टेरा. २००२ मध्ये मायकेल व्हायटिंग यांनी चार जनुके ताडून पाहिली, तर पिसू विंचूमाश्यांच्याच वंशवृक्षात निघाली, बर्फावर उड्या मारणाऱ्या, पंख खुरटलेल्या 'बोरिअस'च्या शेजारी. २०२० मध्ये चौदाशेवर जनुके तपासणाऱ्यांनी शेजार बदलला. त्यांच्या मते जवळचे नातलग म्हणजे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, चिलीकडचे छोटेसे नॅनोकोरिस्टिडी कुल. भांडण अजून चालू आहे. मला विचाराल तर पिसवेची वेगळी चूल आता फार दिवस टिकत नाही.

माझी आजी १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगच्या गोष्टी सांगे. घर सोडून शेतातल्या झोपडीत काढलेले दिवस. पुढच्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी पिसवेकडे बोट दाखवले. त्या पिसवेची भावकी लेकीच्या कुंपणावर मेलेले किडे खात बसली होती, आणि मी तिला कौतुकाने काडीवर घेत होतो.

माझा एक विद्यार्थी आता माझ्याच फळ्यासमोर उभा राहतो. त्याला तिथूनच फोन केला, "त्या दोन ओळी पुस."

"पुसतो, सर," तो म्हणाला, "पण परीक्षेत दोन गण लिहिले तरच मार्क मिळतात."