इंजिनालाही एसी लावला तर?

मे महिन्यात भंडारा, लाखनी, साकोली या पट्ट्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ (पूर्वीचा क्र. ६) याच पट्ट्यातून जातो. त्याच्यालगत गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून जड मालट्रकांत चालकाच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. तेव्हा वर्गात हा प्रश्न कधीतरी येणारच : "सर, ड्रायव्हरला गार हवा मिळते, मग इंजिनाला का नाही? ताकद वाढेल, इंधनही वाचेल!"

प्रश्न चांगला आहे. आपण तो गणित मांडूनच सोडवू.

गार हवेचा फायदा

इंधन जाळायला ऑक्सिजन लागतो. इंजिन दर फेरीला ठरावीक घनफळाची हवा ओढते, पण ज्वलनासाठी महत्त्व असते ते हवेच्या वस्तुमानाला. दाब तोच असेल तर हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ४५ अंश म्हणजे ३१८ केल्विन आणि १५ अंश म्हणजे २८८ केल्विन. ३१८ भागिले २८८ म्हणजे सुमारे १.१०. म्हणजेच हवा ३० अंशांनी गार केली, तर त्याच घनफळात १० टक्के जास्त हवा मावते.

त्याची किंमत

१२०० घनसेंमी.चे, चार धावांचे पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत आहे असे समजू. दोन फेऱ्यांत ते एकदा हवा भरून घेते, म्हणजे मिनिटाला २४०० लिटर, सेकंदाला ४० लिटर. या हवेचे वस्तुमान सुमारे ४४ ग्रॅम. एक ग्रॅम हवा एक अंशाने गार करण्यासाठी सुमारे १ ज्यूल उष्णता काढावी लागते. म्हणून ४४ × ३० = १३२० ज्यूल दर सेकंदाला, अर्थात सुमारे १.३ किलोवॅट. एसी एक एकक कार्य खर्चून दोन एकके उष्णता बाहेर टाकतो असे धरले, तर कॉम्प्रेसर इंजिनाकडून सुमारे ०.६५ किलोवॅट घेईल.

असे इंजिन पूर्ण जोर लावताना सुमारे ४० किलोवॅट शक्ती देते. त्याचे १० टक्के म्हणजे ४ किलोवॅट. गार हवा तापलेल्या नळीतून आणि सिलिंडरच्या भिंतीपाशी पुन्हा गरम होते, म्हणून निम्मीच वाढ धरू : २ किलोवॅट. तरीही जमेची बाजू जड आहे!

मग अडते कुठे?

पहिली अडचण अशी, की हा नफा फक्त पूर्ण जोर लावताना मिळतो. सपाट रस्त्यावर ताशी ६० कि.मी. वेगाने धावणाऱ्या छोट्या मोटारीला पाच-सहा किलोवॅट पुरतात. त्या वेळी पेट्रोल इंजिनातील थ्रॉटलची झडप हवा मुद्दाम अडवून धरत असते. जी वस्तू आपण अडवतो आहोत, ती अधिक दाट करून काय उपयोग? झडप आणखी थोडी मिटेल आणि कॉम्प्रेसरचा खर्च मात्र अंगावर पडेल. इंधन वाचण्याऐवजी जास्तच लागेल. शिवाय चढावर किंवा ओव्हरटेक करताना, म्हणजे नेमकी ताकद हवी असते तेव्हा, अनेक मोटारींत एसीचा कॉम्प्रेसर आपोआप सुटा होतो.

दुसरी अडचण पावसाळ्याची. जुलैत हवा ३० अंशांची असली, तरी एका किलोग्रॅम हवेत सुमारे २० ग्रॅम बाष्प असू शकते. ती हवा १५ अंशांपर्यंत आणताना हवेतून सुमारे १५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, तर नऊ-साडेनऊ ग्रॅम बाष्पाचे पाणी होताना आणखी सुमारे २३ किलोज्यूल. अर्ध्याहून अधिक मेहनत पाणी काढण्यातच जाते!

ट्रकचा मार्ग

टर्बोचार्जर असलेल्या डिझेल इंजिनात हवा दाबून भरतात. ४५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली की ती सुमारे १४० अंशांपर्यंत तापते. या तापलेल्या हवेपुढे बाहेरची ४५ अंशांची झळसुद्धा गारच! म्हणून पुढच्या जाळीमागे इंटरकूलर बसवतात. त्याच्या नळ्यांवरून बाहेरची हवा वाहते आणि आतली हवा ६५-७० अंशांपर्यंत उतरते. म्हणजे सत्तर-पंचाहत्तर अंश जवळजवळ फुकटात कमी होतात. गार हवेमुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची घातक ऑक्साइडे कमी बनतात. २००० नंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसा इंटरकूलर ट्रकांत सर्रास आला.

एसीने इंजिनाची हवा गार करण्याचा प्रयोग झालाच नाही असे नाही. २०१८ च्या 'डॉज चॅलेंजर डीमन' या अमेरिकन मोटारीत केबिनच्या एसीतील शीतक वळवून इंजिनात जाणारी दाबलेली हवा गार करण्याची सोय होती. पण ती होती काही सेकंदांच्या शर्यतीसाठी. तिथे पूर्ण जोर हाच नियम असतो आणि इंधनाचा हिशेब कोणी मागत नाही.

आपल्या गाडीसाठी धडा साधा आहे. बॉनेटखालची हवा बाहेरच्या हवेपेक्षा बरीच तापलेली असते. म्हणून इंजिनाला बाहेरची हवा पुरवणारी नळी फाटलेली किंवा निसटलेली नाही ना, हे पाहावे. ट्रकच्या इंटरकूलरवर साचलेली धूळ आणि भुसा वेळोवेळी काढावा.

वर्गासाठी एक प्रयोग : कोरडी काचेची बाटली तोंड झाकून गरम पाण्यात पाच मिनिटे धरा. मग ती साध्या पाण्यात उलटी बुडवून झाकण काढा. बाटली निवल्यावर आत शिरलेले पाणी मोजा. आकुंचन किती व्हायला हवे, हे आधी केल्विनने काढा आणि प्रत्यक्ष पाणी त्याहून थोडे कमी का शिरले, याचा विचार विद्यार्थ्यांना करू द्या. उत्तराचा धागा वरच्या जुलैच्या हवेत आहे.