बधिर मुलाच्या घराची शाळा

बहिरें मूल शाळेंत घातलें, म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, अशी पुष्कळ आईबापांची समजूत असते. परंतु अशा मुलाच्या शिक्षणास शाळेच्या पुष्कळ आधीं, घरांतच, आरंभ व्हावा लागतो. आणि त्यासाठीं प्रथम घरच्या माणसांनीं शिकावें लागतें. ह्याच हेतूनें अनेक देशांत बधिर मुलांचीं कौटुंबिक शिबिरें भरवितात. तीं कशीं असतात व त्यांची आवश्यकता कां आहे, हें थोडक्यांत सांगण्याचा येथें विचार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण सहज ‘मुका-बहिरा’ असा जोडशब्द वापरतों. वस्तुतः अशा मुलाचा कंठ बहुधा निर्दोष असतो. तें रडतें, हंसतें, ओरडतें. ऐकणारें मूल वारंवार कानीं पडलेले शब्द पुढें स्वतः बोलूं लागतें. बधिर मुलाच्या कानांत ही पेरणीच होत नाहीं, मग पीक कोठून येणार? भाषा ग्रहण करण्याची मेंदूची शक्ति पहिल्या कांहीं वर्षांत सर्वांत तीव्र असते. तो काळ भाषेवांचून गेला, तर विचार करणें, प्रश्न विचारणें, दुसऱ्याचें मन ओळखणें, हें सर्वच मागें पडतें. म्हणून बाळ १ महिन्याचें होण्यापूर्वीं श्रवणाची चांचणी, ३ महिन्यांच्या आंत निश्चित निदान व ६ महिन्यांच्या आंत उपाययोजना, असा क्रम तज्ज्ञांनीं ठरविला आहे. निजलेल्या बाळाच्या कानांत बारीक ध्वनि सोडून आंतल्या कानाचा क्षीण प्रतिसाद यंत्रानें टिपतां येतो. बाळास कांहींही इजा होत नाहीं.

आतां घराकडे वळूं. अमेरिकेंतील बधिर मुलांपैकीं शेंकडा ९० हून अधिक मुलांचे आईबाप स्वतः ऐकणारे असतात. बहिऱ्या माणसाशीं कसें वागावें, हें त्यांस ठाऊक नसतें. रात्रीं सर्व मंडळी जेवावयास बसतात, कोणी विनोद करतो, सारे हंसतात. बधिर मूल विचारतें, “काय झालें?” उत्तर मिळतें, “कांहीं नाहीं, मग सांगेन.” तें ‘मग’ कधींच येत नाहीं. स्वतःच्या पंक्तींत एकटें पडण्याचें हें दुःख मोठें आहे, आणि तें कोणीही जाणूनबुजून देत नाहीं.

ह्या दुःखावर उपाय शोधणारी एक माता म्हणजे अमेरिकेंतील लुईज ट्रेसी. प्रसिद्ध नट स्पेन्सर ट्रेसी ह्यांची ती पत्नी. सन १९२४ मध्यें जन्मलेला त्यांचा मुलगा जॉन दहा महिन्यांचा असतां दार आपटल्याच्या आवाजानेंही जागा झाला नाहीं, तेव्हां तो बधिर असल्याचें तिच्या ध्यानांत आलें. तिनें स्वतः अभ्यास करून त्यास ओठांवरून शब्द ओळखावयास व बोलावयास शिकविलें. पुढें सन १९४२ मध्यें तिनें लॉस एंजेलिस येथें मुलाच्या नांवानें संस्था काढली. तिचें वैशिष्ट्य हें कीं, तेथें मुलांबरोबर आईबापांसही विद्यार्थी मानलें गेलें. दूरच्या पालकांसाठीं टपालानें विनामूल्य पाठ धाडले जात. पुढें उन्हाळ्यांत सबंध कुटुंबांसाठीं सत्रेंही भरूं लागलीं.

अशा शिबिरांत मुलें खेळत असतां आईबाप शिकतात: बोलतांना मुलाच्या उंचीवर यावें; उजेड आपल्या चेहऱ्यावर पडावा, पाठीमागून नव्हे; ओरडूं नये, कारण ओरडल्यानें ओठांचा आकार बिघडतो; एका वेळीं एकानेंच बोलावें. श्रवणयंत्र गोंगाटही वाढवितें, म्हणून शक्य तेथें शांतता राखावी. रात्रीं शेकोटीभोंवतीं बसतांना दिवे जवळ ठेवितात. अंधार झाला कीं बधिर मुलाचें संभाषणच थांबतें. भावंडांसही आपलें मन मोकळें करण्यास वेळ देतात, कारण आईचें सारें लक्ष एकाकडे गेलें कीं दुसरें खट्टू होतें. मोठीं झालेलीं बधिर माणसें तेथें भेटलीं, तर ‘आपल्या मुलाचें पुढें काय?’ ह्या प्रश्नाचें जिवंत उत्तरच आईबापांस मिळतें.

मुलास बोलणें शिकवावें कीं खुणांची भाषा, हा वाद जुना आहे. सन १८८० मध्यें मिलान येथील परिषदेनें बोलण्याचाच पुरस्कार केला व खुणांस शाळेंतून बाहेर घालविलें. सन २०१० मध्यें व्हँकुव्हर येथील परिषदेनें ते ठराव अमान्य करून खेद प्रकट केला. आपल्या देशांतही भारतीय सांकेतिक भाषेसाठीं सन २०१५ मध्यें नवी दिल्ली येथें स्वतंत्र केंद्र निघालें. मार्ग कोणताही असो. मूल भाषेवांचून राहूं नये, आणि ती भाषा घरांतील प्रत्येकास यावी, हेंच मुख्य होय.

पालकांनीं बाळाच्या श्रवणाविषयीं शंका येतांच ‘मोठें झालें कीं बोलेल’ असें म्हणत थांबूं नये. मुंबईंत वांद्रें येथें सन १९८३ मध्यें स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ह्याच कार्यासाठीं आहे. आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरीं, आळींत किंवा वर्गांत असें मूल असेल, तर त्याच्याकडे तोंड करून, सावकाश बोला. आणि सर्व हंसले असतां त्यानें कारण विचारलें, तर तें त्यास तेव्हांच सांगा.