एक यंत्र आणि दोन कारभारी

संगणक घेणारा मनुष्य यंत्र विकत घेतो खरा. परंतु त्याचा नित्याचा संबंध यंत्रापेक्षा त्या यंत्राचा कारभार पाहणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमशी येतो. कळ दाबताच पडद्यावर अक्षर उमटविणे, डिस्कवर फाइल ठेवणे, प्रिंटरला हुकूम देणे, घड्याळ राखणे, ही सारी कामे तिची. तिला संगणकाचा कारभारी म्हटल्यास वावगे होणार नाही. बहुतेक यंत्रांत असा कारभारी एकच असतो. काही जण मात्र एकाच यंत्रात विंडोज आणि लिनक्स असे दोन कारभारी नेमतात. यंत्र सुरू होताना पडद्यावर दोन नावे येतात. त्यांपैकी एक निवडावयाचे, आणि दुसऱ्याची गरज लागली की यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावयाचे. ही व्यवस्था दिसावयास सुटसुटीत आहे. अनुभवास मात्र ती पदोपदी कटकटीची ठरते.

मग लोक या फंदात पडतात तरी कशासाठी? त्याला सबळ कारणे आहेत. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रांना लिनक्सने नवे आयुष्य मिळते, तेही परवान्याचे मूल्य न देता. परंतु जुने घर एका दिवसात सोडता येत नाही. मराठी मुद्रणाचेच उदाहरण घ्यावे. युनिकोडची पद्धत रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या विंडोजवरील साधनांनी जुळविलेला मजकूर अनेक मुद्रणालयांत साठलेला आहे. ती साधने नसतील तेथे ‘ज्ञान’ या शब्दाच्या जागी अर्थशून्य चिन्हांची रांग दिसते. ज्याची पोटापाण्याची सामग्री अशी एका प्रणालीत अडकली आहे, त्याला दुसरीकडे जावयाचे झाल्यास काही काळ दोन्ही घरे चालू ठेवणे भाग पडते. दोन कारभाऱ्यांची व्यवस्था म्हणजे एका तीरावरून दुसऱ्या तीरावर जाण्याचा पूल होय. हा पूल डळमळीत असेल, तर नव्या तीरावर जाऊ इच्छिणारा मनुष्य अर्ध्या वाटेवरून परत फिरतो, आणि दोष मात्र नव्या तीराला देतो.

वस्तुतः दोष बहुधा कोणा एका प्रणालीचा नसतो. प्रत्येक प्रणाली यंत्राची एकमेव स्वामिनी आपणच आहो, असे गृहीत धरून वागते. खऱ्या अडचणीचे मूळ तेथे आहे. खोल्या वाटून घेता येतात. परंतु उंबरठा, घड्याळ, कोठार आणि कुलूप या गोष्टी सामाईकच राहतात, आणि कलह उद्भवतो तो नेमका याच ठिकाणी.

प्रथम उंबरठ्याचा विचार करू पाहता असे दिसते, की डिस्कचे भाग पाडण्याची सोय आयबीएमच्या वैयक्तिक संगणकांवर १९८३ सालीच आली. डिस्कच्या आरंभीच्या ५१२ बाइटांच्या लहानशा जागेत चार भागांची नोंद आणि यंत्र सुरू करणारी छोटी आज्ञावली ठेवली जाई. नोंदी चार, पण उंबरठा एकच. साहजिकच जी प्रणाली मागाहून बसविली जाई, ती आपली आज्ञावली त्या जागी लिही. विंडोज मागाहून बसविल्यास लिनक्सचा भाग डिस्कवर जसाच्या तसा असूनही निवडीची यादी नाहीशी होई, आणि सारे नष्ट झाले असे वाटून वापरणाऱ्याच्या छातीत धस्स होई. पुढे आलेल्या यूईएफआय पद्धतीत प्रत्येक प्रणालीला प्रवेशासाठी स्वतंत्र कप्पा मिळाला, त्यामुळे ही पुसापुशी पुष्कळ कमी झाली. तथापि आधी कोणाला हाक मारावयाची याचा क्रम अजूनही एकच असतो, आणि एखाद्या मोठ्या अपडेटनंतर तो बदललेला आढळतो.

घड्याळाची गोष्ट अधिक मौजेची आहे. यंत्र बंद असतानाही बॅटरीवर चालणारे एक घड्याळ आत असते. त्या घड्याळात स्थानिक वेळ आहे, असे विंडोज मानते. ती जागतिक प्रमाणवेळ आहे, असे लिनक्स सामान्यतः मानते. भारतात या दोहोंत साडेपाच तासांचे अंतर. सकाळी दहा वाजता लिनक्सने घड्याळात प्रमाणवेळेचे साडेचार लिहून ठेवले, की नंतर सुरू झालेले विंडोज पहाटेचे साडेचार वाजले असे सांगू लागते. लंडनमध्ये हिवाळ्यात हा घोटाळा दिसतच नाही, कारण तेथे तेव्हा दोन्ही वेळा एकच असतात. प्रकार हास्यास्पद वाटला तरी परिणाम तसा नाही. फाइलींवर चुकीची वेळ पडते, आणि दोन प्रतींपैकी नवी कोणती हे ठरविताना ताजी प्रत पुसली जाऊन जुनी शिल्लक राहण्याचा धोका संभवतो.

कोठाराचा प्रश्न याहून गंभीर आहे. लिनक्सच्या नेहमीच्या पद्धतीने मांडलेला डिस्कचा भाग विंडोजला आपण होऊन वाचता येत नाही. विंडोजचा भाग लिनक्सला वाचता येतो व त्यात लिहिताही येते. परंतु येथे एक खोच आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय देण्यात आली. ती चालू असता ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पुरते बंद होत नाही; आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर नोंदवून ते जणू झोपी जाते. कारभारी चोपडी उघडी ठेवून झोपलेला असताना दुसऱ्याने कोठारात फेरफार केले, तर जागा झाल्यावर पहिल्याचा हिशेब जुळणार कसा? म्हणून लिनक्स अशा वेळी तो भाग केवळ वाचण्यापुरता उघडते किंवा उघडण्याचे नाकारते. वापरणाऱ्याला ही आडमुठी वाटते. खरे पाहता ते त्याच्याच कागदपत्रांचे रक्षण होय. जबरदस्तीने लिहू गेल्यास फाइली गमावण्याची वेळ येते.

शेवटी कुलूप. यंत्र सुरू होताना केवळ विश्वासार्ह आज्ञावलीलाच प्रवेश द्यावा, ही सुरक्षेची योजना योग्यच आहे. परंतु विश्वासार्ह कोण हे ठरविण्याचा अधिकार एकाच्या हाती गेला, की दुसरा दाराबाहेर राहू शकतो. १३ ऑगस्ट २०२४ रोजी निघालेल्या विंडोजच्या सुरक्षा-अपडेटनंतर असेच घडले. प्रवेशाच्या आज्ञावलीतील एक जुने भगदाड बुजविण्याचा तो उपाय दोन प्रणालींच्या यंत्रांना लागू होणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने म्हटले होते. प्रत्यक्षात तशा अनेक यंत्रांवरही तो लागू झाला आणि लिनक्स सुरू होईना. त्यावर पक्की दुरुस्ती यावयास मे २०२५ उजाडला. बिटलॉकरच्या कुलपाचेही तसेच. यंत्र सुरू होण्याच्या क्रमात बदल आढळला, की ते ४८ अंकी किल्ली मागते. ती नोंदवून ठेवलेली नसेल, तर डिस्कवरील सर्व मजकूर समोर असून नसल्यासारखा होतो.

ही परिस्थिती पाहता ‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ या म्हणीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. परंतु पाहुण्याने आधीच सावधगिरी बाळगली, तर उपाशी राहण्याचा प्रसंग टळतो. सर्व फाइलींची प्रत यंत्राबाहेर ठेवावी आणि बिटलॉकरची किल्ली कागदावर उतरवून घ्यावी. ही दोन कामे झाल्याखेरीज पुढे पाऊल टाकू नये. विंडोज आधी आणि लिनक्स नंतर बसवावे. शक्य असल्यास दोहोंना स्वतंत्र डिस्क द्यावी. फास्ट स्टार्टअप बंद करावे. घड्याळाबाबत दोन्ही प्रणालींना एकच संकेत पाळावयास लावावे. लिनक्सचा एक पेनड्राइव्ह हाताशी असू द्यावा, म्हणजे उंबरठा पुसला गेला तरी तो पुन्हा उभारता येतो.

ज्याची गरज अधूनमधूनचीच आहे, त्याने एका प्रणालीच्या पोटात दुसरी चालविण्याचा मार्ग धरावा. त्यात यंत्राची स्मृती वाटली जाते आणि गती काहीशी मंदावते. परंतु उंबरठ्यावरचा तंटा मिटतो. ज्याला दोन्ही कारभाऱ्यांचे पूर्ण बळ हवे, त्याने मात्र एक गोष्ट ध्यानी धरावी. या दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. त्यांच्यामधील करार घरधन्यालाच करावा लागतो आणि प्रत्येक अपडेटनंतर तो पाळला जात आहे किंवा नाही, हेही त्यालाच पाहावे लागते. एवढे कष्ट ज्याने पत्करले, त्याला पूल ओलांडण्याची घाई करावी लागत नाही. जुन्या तीरावरील ठेव सांभाळीत, स्वतःच्या सवडीने, तो पलीकडे पोचू शकतो.