रात्र तीच, ठेका नवा : गोवा गिल यांच्या शैलीचा प्रवास

वेस्टमीडच्या मराठी घरांत गोवा म्हटले की मंगेशी, शांतादुर्गा आणि अभिषेकीबुवांचे सूर आठवतात. ऑस्ट्रेलियाच्या रानमाळांवर रात्रभर चालणाऱ्या ‘बुश डूफ’ नावाच्या नृत्यमेळ्यांत मात्र गोव्याचे नाव निराळ्या संगीतासाठी घेतले जाते. ते म्हणजे ‘गोवा ट्रान्स’. त्याच्या जडणघडणीत मोठा वाटा असलेले डीजे गोवा गिल २६ ऑक्टोबर २०२३ रोजी वयाच्या ७२ व्या वर्षी निवर्तले. चार दशकांत त्यांची शैली कशी पालटली हे पाहिले, की डीजेची कला दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका वाजवण्यापुरती नसते, हे ध्यानात येते.

गिल्बर्ट लेव्ही हे त्यांचे मूळ नाव. कॅलिफोर्नियात वाढलेला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या हिप्पी चळवळीत रमलेला हा तरुण १९७० साली गोव्यात आला. पुढे त्याने जुन्या आखाड्याच्या परंपरेत साधुदीक्षाही घेतली. त्या काळी हणजूणच्या किनाऱ्यावर पौर्णिमेच्या रात्री गिटार आणि ढोल वाजत, रॉक संगीत घुमे.

ऐंशीच्या दशकात पहिला मोठा बदल झाला. युरोपातून यांत्रिक ठेक्याचे संगीत येऊ लागले. गिल आणि त्यांचे समकालीन डीजे त्याकडे वळले. गाण्यातले शब्द गाळून वाद्यांचे तुकडे कॅसेटवर पुन्हा पुन्हा जोडण्याची रीतही तेथे रुजली. शब्द गेल्याने ऐकणाऱ्याचे लक्ष अर्थावरून लयीवर सरकले, आणि नाचाची तंद्री अखंड राहू लागली.

दुसरा बदल साधनांनी घडवला. किनाऱ्यावरच्या उष्म्यात आणि धुळीत तबकड्यांचा निभाव लागणे कठीण होते. म्हणून तेथे कॅसेट आणि नंतर ‘डॅट’ ही डिजिटल ध्वनिफीत आली. तबकडीची गती हाताने कमीअधिक करून दोन रचनांचे ठेके जुळवता येतात. डॅटच्या छोट्या यंत्रांवर ती सोय सहसा नसे. त्यामुळे डीजेचे कसब रचनांची निवड आणि त्यांचा क्रम यांत एकवटले. पुढे इतरांनी सीडी आणि संगणक स्वीकारले, तरी गिल दीर्घकाळ डॅटलाच धरून राहिले.

नव्वदच्या दशकात गोवा ट्रान्स जगभर पोहोचला आणि त्यातील सुरावटी लोकप्रिय झाल्या. गिल मात्र तेथे थांबले नाहीत. उत्तरकाळात त्यांचे वादन अधिक वेगवान, गडद आणि काहीसे भयावह होत गेले. आधीच्या मधुर सुरांवर लुब्ध असलेल्या अनेकांना हे वळण मानवणारे नव्हते. पत्नी एरियान यांच्यासोबत ‘द नॉमोस’ या नावाने त्यांनी आफ्रिकी ढोलांचीही जोड दिली.

या सर्व स्थित्यंतरांत एक गोष्ट अढळ राहिली : रात्रीचा आराखडा. त्यांचे वादन कधी २४ तासही चाले. मध्यरात्री काळोखाशी झुंजणारे उग्र ध्वनी आणि उजाडताना निवळत जाणारे सूर, हा क्रम ते पाळीत. रात्रभराच्या मैफलीची सांगता भैरवीने होते, हे ठाऊक असलेल्या मराठी रसिकाला ही कल्पना परकी वाटू नये.

खुद्द गोव्यात मात्र ही रात्र आखडत गेली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते पहाटे ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांची झोपेची मागणीही रास्तच होती. परिणामी, ज्या संगीताला गोव्याने नाव दिले, त्याला पूर्ण रात्र मिळू लागली ती प्रामुख्याने परदेशातील माळरानांवर.

मुरलेला कलावंत काळाबरोबर बदलतो, पण प्रत्येक लाटेसरशी वाहून जात नाही. गिल यांनी वाद्ये, वेग आणि भाव बदलले. रात्रीला पहाटेपर्यंत नेण्याचा हेतू बदलला नाही.